प्रवासवर्णनातला ‘मी’ आणि त्याचे सोबती

काही वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकात मी लायबेरिया देशातल्या प्रवासावर एक लेख लिहिला होता. पश्चिम आफ्रिकेतला हा लहानसा देश चौदा वर्षांच्या यादवीतून नुकता कुठे सावरत होता आणि आपल्याकडचे प्रवासी तिकडे फारसे फिरकत नसत. त्यामुळे लेखाचे थोडे कौतुक झाले. स्नेह्यांनी धाडसाची वाखाणणी केली, आणि खोटे कशाला बोलू, मला ती गोड लागली. पण त्याच आठवड्यात सांगलीहून एका वयोवृद्ध वाचक बाईंचे पत्र आले. लेख आवडल्याचे कळवून त्यांनी पुढे विचारले होते, “गाडीत आपण एकटेच होता काय? नसल्यास बाकीची मंडळी कुठे गेली? आणि इतके दिवस आपणांस रांधून कोणी घातले?”

मी हसलो, आणि मग लेख काढून पुन्हा वाचला. ‘मी निघालो’, ‘मी पोहोचलो’, ‘मला जाणवले’ – पानेच्या पाने मी एकटा चाललो होतो! वस्तुस्थिती अशी की ट्रकमध्ये आम्ही अठरा माणसे होतो. फ्रीटाउनपासून मोन्रोव्हियापर्यंत आणि तेथून पुढे गांटा गावापर्यंत एकही दिवस मी एकटा नव्हतो. ही सतरा माणसे मी लबाडीने वगळली नव्हती. लिहिता लिहिता ती आपोआपच गळून पडली होती, आणि मला ते अधिक काळजीचे वाटले. हा दोष माझ्या एकट्याचा, की प्रवासवर्णन या वाङ्मयप्रकाराच्याच हाडीमासी खिळलेला? या प्रश्नाचा छडा लावण्यासाठी मी लायबेरियावरची तीन पुस्तके पुन्हा वाचली. त्यांविषयी चार शब्द लिहावयाचे आहेत.

पहिले पुस्तक ग्रॅहम ग्रीनचे ‘जर्नी विदाउट मॅप्स’. ते १९३६ साली प्रसिद्ध झाले. त्याच्या आदल्या वर्षी, वयाच्या तिसाव्या वर्षी, ग्रीन सिएरा लिओनमधून लायबेरियाच्या अरण्यात शिरला आणि सुमारे चार आठवड्यांत साडेतीनशे मैल पायी तुडवून समुद्रकिनाऱ्याला लागला. त्या काळी या अंतर्भागाचा नीट नकाशा नव्हता. ब्रिटिश लष्कराच्या नकाशावर तेथे मोठी पांढरी जागा सोडलेली होती, तर अमेरिकन लष्करी खात्याच्या नकाशावर तेथे ‘नरभक्षक’ असा शब्द छापला होता. ग्रीनला या पांढऱ्या जागेची ओढ लागली. पुस्तक मोठ्या ताकदीचे आहे यात शंका नाही. अरण्यातला प्रत्येक मैल त्याला स्वतःच्या बालपणाकडे घेऊन जातो. मुखवटा घालून येणारा, रानातल्या शाळेत मुलांना दीक्षा देणारा तेथला ‘डेव्हिल’ पाहून त्याला इंग्लंडमधल्या शाळेचा मुख्याध्यापक आठवतो, आणि त्याचे स्वतःचे वडीलच मुख्याध्यापक होते हे लक्षात घेतले म्हणजे या तुलनेतली वेदना कळते. प्रवासाच्या अखेरीस तो तापाने मरणाच्या दारी जातो, आणि जगण्याची आपल्याला एवढी आसक्ती आहे हे त्याला तेथे प्रथमच उमगते. अशी पाने वाचताना आपण देश विसरतो. पुस्तकाचे सामर्थ्य येथे आहे, आणि माझी तक्रारही येथूनच सुरू होते.

कारण ग्रीन एकटा नव्हता. त्याच्याबरोबर सव्वीसएक हमाल होते, एक मुकादम होता, म्हातारा आचारी होता. शिवाय बार्बरा नावाची त्याची सत्तावीस वर्षांची चुलतबहीण पहिल्या पावलापासून शेवटच्या पावलापर्यंत त्याच्यासोबत चालत होती. एका लग्नसमारंभात शॅम्पेनच्या भरात तिने येण्याचे कबूल केले आणि मग शब्द पाळला. ग्रीनच्या पुस्तकात ही मुलगी ‘माझी चुलतबहीण’ एवढीच येते, आणि तीही क्वचित. ती काय बोलली, कशाला भ्याली, कशाला हसली, याचा वाचकाला पत्ता लागत नाही. हमालांच्या बाबतीत मात्र त्याच्यावर अन्याय करता कामा नये. त्यांच्याविषयी त्याला खरी माया होती. मजल फार लांबची होते म्हणून ते कुरकुरत, अडून बसत, हे त्याने लपविलेले नाही. पण त्याच्या पुस्तकाचे नावच पाहा – नकाशावाचून प्रवास! ज्या पायवाटांनी तो गेला त्या गावोगावच्या माणसांच्या रोजच्या पायाखालच्या होत्या. नकाशा नव्हता तो एका प्रवाशापाशी. वाटा मात्र होत्याच.

दुसरे पुस्तक या बार्बराचे. ‘लँड बिनाइटेड’ या नावाने ते १९३८ साली आले, फारसे कोणी वाचले नाही, आणि १९८१ साली ‘टू लेट टु टर्न बॅक’ असे नवे नाव घेऊन पुन्हा प्रसिद्ध झाले. परत फिरायला आता उशीर झाला, असा त्या नावाचा भाव. वाङ्मयीन गुणांच्या तराजूत घातले तर हे पुस्तक हलके भरेल. चिंतनाची खोली त्यात नाही, शैलीला धार नाही, आणि त्या काळच्या गोऱ्या माणसाचे पूर्वग्रहही त्यात आहेत. जुन्या नावातच तो देशाला ‘अंधारातला’ म्हणण्याचा अहंकार आहे. तरीही हे पुस्तक हातात घेतले की हायसे वाटते, कारण येथे माणसे दिसू लागतात. थोर लेखक म्हणून आपण ज्याला ओळखतो त्याचे मोजे चालताना सारखे खाली घसरतात, आणि दिवसेंदिवस ते घसरते मोजे पाहून या मुलीचे डोके उठते! ज्याने चार माणसांबरोबर यात्रा केली आहे त्याला हे सांगावयास नको. लांबच्या प्रवासात माणूस वाघाला भीत नाही एवढा सोबत्याच्या सवयींना वैतागतो.

आणि त्या तापाच्या रात्रीचे काय? ग्रीनला जिथे जीवनाचा साक्षात्कार होतो, तिथे बार्बरा शांतपणे विचार करीत असते की हा आज रात्री गेला तर त्याला पुरावयाचे कसे. तो कॅथलिक, तेव्हा मेणबत्त्या लावावयास हव्यात, त्या आणावयाच्या कुठून? पहिल्यांदा वाचताना मला हे निष्ठुर वाटले होते. आता वाटते की त्या रात्रीचे सगळे ओझे तिच्या शिरावर होते. साक्षात्काराला सवड आजाऱ्याला मिळते, उशाशी बसलेल्याला नाही. घरात दुखणे काढलेल्या कोणत्याही गृहिणीला यातले मर्म एका क्षणात कळेल. एकच रात्र, एकच झोपडी, आणि दोन पुस्तके. त्यांतले एक वाचून थांबणाऱ्याला त्या रात्रीची अर्धीच हकीकत कळते.

येथे कोणी म्हणेल, की साहित्य म्हणजे हजेरीपट नव्हे. लेखकाने बरोबरच्या सगळ्यांची नावे मांडत बसावयाचे काय? आत्मनिष्ठा हाच तर प्रवासवर्णनाचा प्राण! हा आक्षेप मला मान्य आहे, आणि ग्रीनचे पुस्तक दोहोंत श्रेष्ठ हेही मान्य आहे. माझे म्हणणे एवढेच, की युद्धातून उठणाऱ्या देशाविषयी लिहिताना हा एकटा ‘मी’ निराळाच अपाय करतो. लेखक एकटा झाला की त्याचे धाडस मोठे दिसते. धाडस मोठे दिसावयाचे तर देश ओसाड आणि भयाण दिसावा लागतो. मग तिथे राहणारी, दुकाने उघडणारी, मुलांना शाळेत धाडणारी माणसे अडचणीची होतात आणि हळूच वगळली जातात.

लायबेरियाची हकीकत थोडक्यात सांगतो. अमेरिकेतून आलेल्या मुक्त कृष्णवर्णीयांनी किनाऱ्यावर वसाहत केली आणि १८४७ साली स्वतंत्र प्रजासत्ताक जाहीर केले. हे किनाऱ्यावरचे लोक आणि अंतर्भागातले मूळ रहिवासी यांच्यातली दरी कधी बुजली नाही. १९७९ च्या एप्रिलमध्ये तांदळाचा भाव वाढविण्याच्या बेतावरून मोन्रोव्हियात दंगल उसळली आणि निदर्शकांवर गोळ्या चालल्या. पुढल्याच वर्षी लष्करी उठावात अध्यक्ष टॉलबर्ट मारले गेले. १९८९ च्या नाताळाच्या आदल्या दिवशी चार्ल्स टेलरचे बंडखोर सरहद्द ओलांडून आले आणि यादवी पेटली. मध्ये थोडी उसंत घेऊन ती २००३ पर्यंत चालली. शेवटी पांढरी वस्त्रे नेसून रस्त्यावर बसलेल्या बाजारकरी बायांनी तहासाठी जो रेटा लावला, त्याचा त्या शांततेत मोठा वाटा आहे. त्यांची पुढारी लेमा बोवी आणि पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या एलन जॉन्सन सर्लीफ या दोघींना २०११ चे नोबेल शांतता पारितोषिक मिळाले, त्यात येमेनच्या तवक्कुल करमान तिसऱ्या.

तिसरे पुस्तक या युद्धानंतरचे. टिम बुचर या इंग्रज बातमीदाराने ग्रीनच्या वाटेने पुन्हा पायी प्रवास केला आणि २०१० साली ‘चेसिंग द डेव्हिल’ लिहिले. युद्धाच्या दिवसांत त्याने लायबेरियातून बातम्या पाठविल्या होत्या, त्यामुळे कोणत्या गावावर काय गुदरले हे त्याला ठाऊक आहे. त्याच्या गद्याला ग्रीनची उंची नाही. पण तो मूठभर सोबत्यांसह चालतो आणि ते सोबती पानांवर दिसतात, त्यांचे पाय दुखतात, ते चुकतात, त्यांचे ऐकावे लागते. ग्रीनची कला आणि बार्बराची नजर एकत्र आलेली मला हवी होती. तेवढे हे पुस्तक देत नाही, तरी त्या दिशेने चालते खरे.

आपल्या मराठीत याचा धडा फार पूर्वी घालून दिलेला आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघाले आणि १८५७ च्या धामधुमीत सापडले. त्यांचा ‘माझा प्रवास’ १९०७ साली छापून आला. नाव ‘माझा’ असले तरी काका त्यांच्या सतत बरोबर आहेत. भीती दोघांची, लूट दोघांची, उपास दोघांचा. झाशीच्या वेढ्यातही भटजी स्वतःला शूर म्हणवून घेत नाहीत, आणि म्हणूनच त्या वेढ्यातले लोक आपल्याला स्पष्ट दिसतात.

आता सांगलीच्या बाईंना माझे उत्तर. ते द्यावयास मला उशीर झाला आहे.

बाई, स्वयंपाक आम्ही तिघातिघांच्या पाळीने करीत होतो. माझ्या पाळीच्या दोन्ही दिवशी भात करपला आणि एका निवृत्त डच परिचारिकेने तो सावरून घेतला. तांदळाचे पोते मोन्रोव्हियाच्या बाजारात घेतले. भाव फार म्हणून मी घासाघीस केली, तेव्हा या देशात तांदळाच्या भावावरून माणसे मेली आहेत हे मला ठाऊक नव्हते. विकणारीने मात्र एक मापटे वर घातले.

माझ्या लेखात एक मोडका लाकडी साकव मी ‘जिवावर उदार होऊन’ ओलांडला आहे. खरे असे, की शेजारच्या खेड्यातली दहाबारा पोरे कोयते घेऊन आली, त्यांनी ओंडके तोडले, नवे आडवे घातले, आणि मग ट्रक रिकामा करून पलीकडे नेला. मी तेव्हा पलीकडच्या काठावर सामानावर बसून होतो. मजुरीवरून आमच्यात वाद झाला, आणि तो त्यांच्या बाजूने मिटला ते योग्यच झाले.

गांट्यात गोळ्यांनी चाळण झालेल्या एका भिंतीचे आम्ही सगळे छायाचित्र घेत होतो. एक तरुण जवळ आला आणि म्हणाला, की पलीकडे आमची शाळा नवी रंगविली आहे, तिचेही एक घ्या. आम्ही हसून मान डोलावली आणि ट्रकमध्ये चढलो. लेखाबरोबर छापली गेली ती भिंत.

आणि शेवटची गोष्ट. त्या देशाला मी ‘आपल्यापैकी कोणी न पाहिलेला’ म्हटले होते. वाटेतल्या एका चौकीवर मी भारतातला म्हणताच शिपायाने आनंदाने विचारले, की तुमच्या पोलीस बायकांना तुम्ही ओळखता काय? संयुक्त राष्ट्रसंघाच्या शांतिसेनेत सर्वस्वी स्त्रियांची अशी पहिली पोलीस तुकडी भारतानेच २००७ च्या जानेवारीत लायबेरियात धाडली होती. शंभरांहून अधिक जणी. तुकड्या बदलत गेल्या, पण २०१६ पर्यंत त्या तेथे पहारा देत होत्या. मी ट्रकमधून गेलो तेव्हाही त्या मोन्रोव्हियात होत्याच. हे लिहिले असते तर माझ्या धाडसाचा रंग उतरला असता, म्हणून शिपायाचा तो प्रश्न मी गाळला.

तेव्हा बाई, आपला प्रश्न रास्त होता. गाडीत अठरा जण होते, साकवावर दहाबारा पोरे होती, आणि त्या शाळेचे छायाचित्र माझ्याजवळ नाही.