दूरस्थांचे दुःख आणि ‘आपण’

पीटर सिंगर यांचा ‘दुष्काळ, समृद्धी आणि नीती’ या अर्थाच्या शीर्षकाचा इंग्रजी निबंध १९७२ साली प्रसिद्ध झाला. पूर्व बंगालमधून भारतात आलेल्या निर्वासितांची हलाखी हे त्याचे निमित्त. तळ्यात बुडणारे मूल वाचविताना कपडे चिखलाने माखतील म्हणून कोणी काठावर थांबत नाही. मग उपासमारीने मरणारा केवळ दूर आहे एवढ्यावरून कर्तव्य कसे टळते, हा त्यातील प्रश्न होय. तुल्य नैतिक मोलाचे काही न गमावता अनिष्ट टाळता येत असेल तर ते टाळलेच पाहिजे, या सूत्राच्या आधारे सिंगर ‘दान’ आणि ‘कर्तव्य’ यांमधील रूढ सीमारेषा पुसून टाकतात. अंतराला स्वतःचे असे नैतिक वजन नाही, हा त्यांचा निष्कर्ष सहसा ढळण्यासारखा नाही.

तथापि हा युक्तिवाद मराठीत आणू पाहणाऱ्यास एका सर्वनामापाशी थबकावे लागते. निबंधात कर्तव्याचा कर्ता प्रायः प्रथमपुरुषी अनेकवचनी आहे. इंग्रजीत त्यासाठी एकच रूप. मराठीत मात्र श्रोत्याला सामावून घेणारे ‘आपण’ आणि त्याला वगळणारे ‘आम्ही’ अशी दोन रूपे आहेत. ‘आपण’ योजले तर मराठी वाचकही कर्तव्याने बांधला जातो. ‘आम्ही’ योजले तर तो केवळ साक्षी उरतो. मूळ निबंधात हे सर्वनाम मुख्यतः संपन्न देशांतील नागरिकांना उद्देशून आहे. ब्रिटनची तोवरची मदत १,४७,५०,००० पौंड, तर काँकॉर्ड विमानाच्या विकासखर्चातील त्याचा वाटा २७,५०,००,००० पौंडांहून अधिक, ही तुलना त्यांच्यासाठीच आहे. भारत तेथे येतो तो तृतीय पुरुषात, पेचात सापडलेले राष्ट्र म्हणून.

वस्तुस्थिती अधिक व्यापक होती. १५ नोव्हेंबर १९७१ पासून भारतात, काही अपवाद वगळता, टपालावर पाच पैशांचे निर्वासित-साहाय्य तिकीट सक्तीचे झाले. सीमेपासून शेकडो कोस दूर, सातारा-रत्नागिरीकडे लिफाफा पाठविणाराही त्यामुळे साहाय्यकर्त्यांत मोडू लागला. आणि ते दान नव्हते, देणे होते.

सिंगर यांचे सूत्र यामुळे खोटे ठरत नाही. उलट त्याची व्याप्ती वाढते. सामर्थ्याप्रमाणे जबाबदारी कमी-अधिक होईल, पण ती केवळ समृद्धांची मिरास नव्हे. आपद्ग्रस्तांच्या शेजाऱ्यांना कर्त्यांच्या पंक्तीत बसविले नाही, हे निबंधाचे वैगुण्य होय. म्हणून मराठी वाचकाने येथे ‘आपण’च वाचावे. ‘आम्ही’ वाचणे सोयीचे खरे. परंतु त्या सोयीतच कर्तव्यातून सुटण्याची पळवाट आहे.