चिपचा बदलता भाव

रिबाय टूर्नामेंटचा पहिला तास बाहेरून बघणाऱ्याला नुसता धिंगाणा वाटतो. पानं वाटली जातात न जातात तोच कुणीतरी आपल्या सगळ्या चिप्स मध्ये लोटतो, दुसरा पानं न बघताच सामील होतो, तिसरा दुर्री-सत्ती घेऊन मागे येतो, आणि हरलेला पाच सेकंदांत पुन्हा पैसे भरून त्याच जागेवर हजर होतो. यात कसलं आलंय डोकं, असं पोकरमधले मुरलेले लोकही म्हणतात. मला मात्र पोकरच्या सगळ्या प्रकारांत हिशेबाची इतकी नितळ मांडणी दुसरीकडे कुठे सापडलेली नाही. या खेळात एकाच चिपचा भाव वेळेनुसार बदलतो, आणि तो भाव वाचत जाणं हाच त्याचा खरा रस आहे.

ऑनलाइन पोकरच्या भरभराटीच्या काळात, म्हणजे साधारण २००३ ते २०११ या वर्षांत, पोकरस्टार्ससारख्या संकेतस्थळांवर जी रचना रुळली ती आधी पाहू. प्रवेशाचे १० डॉलर, वर १ डॉलर शुल्क, आणि हातात १५०० चिप्स. पहिल्या तासात तुमच्यापाशी १५०० किंवा त्याहून कमी चिप्स असतील तेव्हा आणखी १० डॉलर भरून आणखी १५०० घेता येतात. हा रिबाय, आणि त्यावर शुल्क नाही. तास संपला की छोटं मध्यंतर, आणि त्यात प्रत्येकाला एकदाच १० डॉलरमध्ये २००० चिप्स मिळतात. तो ॲड-ऑन. त्यानंतर विक्री बंद. ज्याच्या चिप्स संपल्या त्याचा खेळ संपला.

आता भाव बघा. प्रवेशाच्या वेळी एका डॉलरला साधारण १३६ चिप्स पडतात, रिबायला १५०, ॲड-ऑनला २००. सर्वांत महाग चिप पहिली आणि सर्वांत स्वस्त चिप शेवटची. ज्याने नुसते ११ डॉलर भरले आणि रिबाय नको, ॲड-ऑन नको असं ठरवलं, त्याने बाजारातला सर्वांत महाग माल घेतला आणि स्वस्त माल दुसऱ्यांना सोडून दिला. म्हणून १० डॉलरची रिबाय ही १० डॉलरची स्पर्धा नसतेच. सुरुवातीचा एक रिबाय आणि शेवटचा ॲड-ऑन धरून ती किमान ३१ डॉलरची आहे, आणि वाईट दिवशी ६०-७० ची. एवढी तयारी नसेल तर त्या टेबलावर न बसणं हेच पहिलं डावपेचाचं सूत्र.

दुसरं सूत्र खेळ सुरू होण्याआधीच लागू होतं. बसल्या बसल्या तुमच्यापाशी बरोबर १५०० असतात, म्हणजे नियमाने तुम्ही रिबायला पात्र असता. पहिलं पान उतरायच्या आत रिबाय घेऊन ३००० करून घ्यायचे. कारण सोपं आहे: पोकरमध्ये समोरच्याकडे कितीही असलं तरी तुम्ही तुमच्यापाशी आहे तेवढंच त्याच्याकडून जिंकू शकता. शेजारी ४५०० घेऊन बसलेला बेभान खेळाडू तुमच्या एक्क्यांच्या जोडीवर सगळं लोटतो आणि तुमच्यापाशी १५०० च असतात, तेव्हा त्याचे ३००० तुमच्या हातातून निसटतात. आणि हा क्षण चुकला की परत येईलच असं नाही. पहिला छोटा डाव जिंकून तुम्ही १५६० वर गेलात की रिबायचं दार बंद.

एक डाव जवळून पाहण्यासारखा आहे. ब्लाइंड (पानं बघण्याआधी दोघांनी सक्तीने लावायच्या चिप्स) अजून १०-२० चे आहेत. तिघांनी पानं न बघता १५००-१५०० लोटले, आणि तुमच्या हातात एक्क्यांची जोडी आली. पोकरमधली सर्वोत्तम सुरुवात. एकाच अज्ञात हाताविरुद्ध ही जोडी ८५ टक्के वेळा जिंकते. तिघांविरुद्ध तो आकडा ६४ च्या आसपास उतरतो. म्हणजे तीनदा खेळलात तर एकदा तुम्ही हरणार, आणि तेही कुणाच्या तरी चौकी-नव्वीकडून. इथे नवखा खेळाडू हताश होतो. पण हिशेब मांडा: मध्ये ६००० चिप्स, त्यांतला तुमचा सरासरी वाटा ३८४०, आणि घातले १५००. एका डावात २३४० चिप्सचा नफा, तोही १० डॉलरला १५०० या भावाने. हरलात तर तीच चिप त्याच भावाने पुन्हा विकत मिळते. रिबायच्या तासाचं सौंदर्य या वाक्यात आहे: इथे हार विकत घेता येते, आणि तिची किंमत आधीच माहीत असते.

यापुढची पायरी नाजूक आहे. दोघांनी डोळे मिटून सगळं लोटलं आहे, मागे कुणी उरलेलं नाही, आणि तुमच्या हातात बदामचे गुलाम-दश्शी आहेत. १५०० घालून ४५०० च्या डावात उतरायचं, म्हणजे एक तृतीयांश वेळा जिंकलात तरी बरोबरी. दोन अज्ञात हातांविरुद्ध गुलाम-दश्शी त्याहून नक्कीच जास्त वेळा जिंकतात, तेव्हा इथे उतरायचंच. एरवीच्या, एकदा हरला की बाहेर अशा स्पर्धेत चांगला खेळाडू हा हात शांतपणे टाकून देईल. तिथे तो हरला तर पुढच्या चार तासांतलं आपलं सगळं कौशल्यच गमावून बसतो, आणि एवढ्या बारीक नफ्यासाठी ते पणाला लावणं परवडत नाही. रिबायच्या तासात कौशल्य जागेवरच राहतं, १० डॉलर जातात. दोन्ही ठिकाणी पानं तीच आहेत, रक्कम तीच आहे, आणि दोन्ही निर्णय बरोबर आहेत.

पण बारीक नफा घ्यायचा याचा अर्थ कुठलंही पान घेऊन घुसायचं असा नव्हे. धिंगाणा घालणारे इथेच घसरतात. प्रत्येक रिबाय ही नवी खरेदी आहे आणि ती त्या घडीच्या भावाने तोलायची असते. सुरुवातीला १५०० म्हणजे मोठ्या ब्लाइंडच्या ७५ पट. तासाच्या अखेरीस ब्लाइंड ७५-१५० वर गेलेले असतील तर तेच १५०० फक्त दहा पट. डॉलर तितकेच जातात, खेळायला जागा मात्र फार थोडी उरते.

याच अखेरच्या मिनिटांत रचनेतली एक फट दिसते, आणि मला ती फार आवडते. समजा मध्यंतराला एकच डाव उरला आहे. एका खेळाडूपाशी १६०० चिप्स आहेत, दुसऱ्यापाशी १५००. कोण बऱ्या स्थितीत आहे? डोळ्यांना पहिला. पण पहिल्याला रिबाय मिळत नाही. ॲड-ऑन घेऊन तो ३६०० वर थांबतो. दुसरा रिबाय आणि ॲड-ऑन दोन्ही घेऊन ५००० वर जातो. त्यासाठी त्याला १० डॉलर जास्त मोजावे लागतात हे खरं, पण आपला खेळ चांगला आहे असं मानणाऱ्या खेळाडूला ती संधी हवीच असते. म्हणून १६०० वाला शेवटच्या डावात मध्यम पानांवरही सगळं लोटतो: जिंकला तर ३२०० च्या वर, हरला तर दार पुन्हा उघडं. शंभर चिप्स जास्त असणं हीच अडचण ठरावी, अशी जागा मला पत्त्यांच्या दुसऱ्या खेळात भेटलेली नाही.

ॲड-ऑनबद्दल फार बोलण्यासारखं नाही. जवळजवळ नेहमी घ्यावा. पहिल्या तासातच वीस-पंचवीस हजारांचा ढीग जमवलेल्यानेच दोनदा विचार करावा, कारण मोठ्या ढिगात पडलेल्या चिपचं मोल उतरत जातं. ते का, हे मध्यंतरानंतर कळतं.

मध्यंतरानंतर स्पर्धा तीच राहते, पण खेळ बदलतो. त्याचं टोकाचं उदाहरण घेऊ. तिघेच उरले आहेत, तिघांकडे सारख्या चिप्स आहेत, आणि १०० डॉलरची बक्षिसं ५०, ३०, २० अशी वाटायची आहेत. प्रत्येकाचा वाटा ३३.३३ डॉलर. आता दोघांनी अगदी समसमान शक्यतेच्या डावात सगळं लोटलं. जिंकणाऱ्याकडे दोन तृतीयांश चिप्स येतात आणि त्याचा वाटा होतो ४३.३३: ३० पक्के, आणि वरच्या २० चे दोन तृतीयांश. हरणारा २० घेऊन उठतो. दोन्हींची सरासरी ३१.६७. म्हणजे नाणेफेकीच्या या डावात उतरल्याबद्दल दोघांनाही प्रत्येकी १.६७ डॉलरचा तोटा झाला, आणि ते सगळे ३.३३ डॉलर हात बांधून बसलेल्या तिसऱ्याच्या पदरात पडले. बरोबरीसाठीसुद्धा इथे ५७ टक्क्यांहून थोडी जास्त शक्यता लागते. पहिल्या तासात ५१ टक्केही पुरेसे होते. चिप्स दुप्पट झाल्या तरी पैसे दुप्पट होत नाहीत. ॲड-ऑनचं गूढ हेच. या हिशेबाची मुळं घोड्यांच्या शर्यतीत आहेत. डेव्हिड हार्विल याने १९७३ साली शर्यतीतल्या क्रमांकांच्या शक्यतांचं सूत्र मांडलं, आणि १९८०च्या दशकात मेसन माल्मुथने ते विचारसूत्र पोकरच्या चिप्सना लावलं.

मध्यंतरानंतरची पहिली वीस मिनिटं सर्वांत फळणारी असतात. तासभर बेभान खेळलेल्यांचा हात सवयीने चालतच राहतो, आणि आता त्यांना परत यायची वाट नसते. या वेळी नुसतं चांगल्या पानांची वाट बघत बसावं. बक्षिसांची रेघ जवळ आली की उलट करावं: सगळे आखडतात, तेव्हा ब्लाइंड उचलत जावं. एक गोष्ट मनातून काढून टाकावी लागते, ती म्हणजे आपण आत्तापर्यंत किती रिबाय घेतले. नव्वद डॉलर घातलेला माणूस ते वसूल करायला म्हणून खेळू लागला की बिघडतो. गेलेले पैसे पुढच्या निर्णयात येत नाहीत. हातातल्या चिप्स आणि उरलेली बक्षिसं एवढंच येतं.

पैशाच्या जोरावर ही स्पर्धा जिंकता येते, हा आक्षेप जुना आहे. २००६ साली लास वेगासच्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरमध्ये १००० डॉलरच्या रिबाय स्पर्धेत डॅनियल नेग्रानूने चाळिसाहून अधिक वेळा रिबाय घेतले, आणि त्याची चर्चा आजही होते. त्या स्पर्धेच्या विजेत्याला मिळणारं ब्रेसलेट मात्र ॲलन कनिंगहॅमने नेलं. २००९ पासून वर्ल्ड सिरीजने रिबाय स्पर्धाच बंद केल्या. पुढे सगळीकडे री-एन्ट्रीची पद्धत रुजली: हरलात की उठायचं, पैसे भरायचे आणि वेगळ्या टेबलावर नव्याने बसायचं. मला ती फिकी वाटते. रिबायमध्ये ज्याने तुमचे १५०० नेले तो समोरच असतो, त्याची खेळायची तऱ्हा तुम्ही टिपलेली असते, आणि पुढच्याच डावात ती उपयोगी पडते. ऑनलाइन टेबलावर तासाला ६०-७० डाव होतात, प्रत्यक्ष टेबलाच्या जवळपास दुप्पट, त्यामुळे ही ओळखही लवकर पिकते. री-एन्ट्रीत ती वाया जाते.

भारतात ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ, मग ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, बंद झाले. तेव्हा महाराष्ट्रातल्या वाचकाने हे सगळं पैशाविना करून पाहावं. सहा जण, एक कॅट, आणि चिप्सऐवजी चिंचोके चालतील. कागदावर प्रत्येकाच्या नावापुढे प्रवेश, रिबाय आणि ॲड-ऑन यांचे दहा-दहा गुण खर्ची टाका, जमलेले गुण शेवटी ५०-३०-२० असे वाटा, आणि ज्याची शिल्लक सर्वांत जास्त तो विजेता. तास काटेकोर पाळा, १५०० ची अट सोडू नका, आणि पहिलं पान उतरायच्या आत आपला रिबाय लिहून घ्या.