बॅ. नाथ पै यांचे घटनादुरुस्ती विधेयक : एक चिकित्सा

प्रस्तावना :
बॅ. नाथ पै (१९२२-१९७१) यांच्याविषयी मराठीत जे लेखन झाले आहे, त्यात त्यांच्या वक्तृत्वाचा गौरव अधिक आणि विचारांची चिकित्सा कमी आढळते. प्रजा समाजवादी पक्षाच्या वतीने १९५७, १९६२ व १९६७ अशा तीन निवडणुकांत ते राजापूर मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आले. या कारकिर्दीतील सर्वांत महत्त्वाचे कार्य भाषणात नसून एका खाजगी विधेयकात आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

विधेयकाची पार्श्वभूमी :
गोलकनाथ खटल्यात २७ फेब्रुवारी १९६७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध पाच अशा बहुमताने निर्णय दिला की, संसदेला मूलभूत हक्कांचा संकोच करता येणार नाही. खटल्याच्या मुळाशी पंजाबातील जमीनधारणेचा प्रश्न होता. संपत्तीचा हक्क त्या वेळी मूलभूत हक्कांत समाविष्ट असल्याने जमीनसुधारणांचे भवितव्य या निर्णयाशी निगडित होते. नाथ पै यांनी ७ एप्रिल १९६७ रोजी विधेयक मांडून मूलभूत हक्कांसह संपूर्ण घटनेत दुरुस्ती करण्याचा संसदेचा अधिकार पुनःस्थापित करण्याचा प्रयत्न केला. विधेयक संयुक्त समितीकडे गेले. परंतु डिसेंबर १९७० मध्ये लोकसभा विसर्जित झाल्याने ते संमत होऊ शकले नाही. १८ जानेवारी १९७१ रोजी नाथ पै यांचे निधन झाले. त्याच वर्षी चोविसाव्या घटनादुरुस्तीने त्यांच्या विधेयकाचा गाभा प्रत्यक्षात आणला.

मूल्यमापन :
विरोधी बाकावरील एका लहान पक्षाच्या सदस्याने संसदेचे अधिकार वाढवू पाहावे, म्हणजेच पर्यायाने सत्ताधारी बहुमताच्या हाती अधिक सामर्थ्य द्यावे, ही बाब लक्षणीय आहे. लोकप्रतिनिधींच्या सदसद्विवेकावरील निष्ठा हा या भूमिकेचा आधार होता. तिची मर्यादाही नेमकी तेथेच आहे. १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने संसदेच्या दुरुस्तीच्या अधिकारास कोणतीही मर्यादा नाही आणि अशा दुरुस्तीस न्यायालयात आव्हान देता येणार नाही, असे घोषित केले. त्या वेळी अनेक विरोधी खासदार तुरुंगात होते. १९७१ मध्ये राजापूरमधून निवडून आलेले मधु दंडवते यांनाही आणीबाणीत कारावास भोगावा लागला. संसद सार्वभौम मानावी, तर ज्या संसदेत विरोधकच उपस्थित नाहीत तिचेही सार्वभौमत्व मान्य करावे काय? १९६७ च्या विधेयकात या प्रश्नाचे उत्तर नव्हते.

तथापि, नाथ पै यांची भूमिका सर्वस्वी चुकीची ठरली असे म्हणणे अन्यायाचे होईल. केशवानंद भारती खटल्यात (१९७३) तेरा न्यायाधीशांच्या पीठाने चोविसावी दुरुस्ती वैध ठरविली, म्हणजेच त्यांचे मुख्य प्रतिपादन स्वीकारले. त्याला घटनेच्या मूलभूत संरचनेची मर्यादा मात्र घातली. १९८० मध्ये मिनर्व्हा मिल्स खटल्यात याच मर्यादेच्या आधारे बेचाळिसाव्या दुरुस्तीतील उपरोक्त तरतुदी रद्द झाल्या.

समारोप :
नाथ पै यांनी मांडलेला प्रश्न योग्य होता. उत्तर मात्र अपुरे होते. ते पूर्ण करण्यासाठी संसद, न्यायालय आणि आणीबाणीचा कटू अनुभव या तिन्हींची गरज पडली. त्यांच्या स्मृतीचा खरा सन्मान गौरवग्रंथांत नाही. त्यांच्याशी वाद घालण्याची तयारी ठेवण्यात तो आहे, आणि नाथ पै यांच्यासारख्या संसदपटूला तोच अधिक रुचला असता.