परकीय परीक्षक

कॅथरिन मेयो या अमेरिकन बाईंचे ‘मदर इंडिया’ १९२७ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा गांधीजींनी त्याला गटारे तपासणाऱ्याच्या अहवालाची उपमा दिली. तथापि भारतीयांनी ते वाचावे, असेही सुचविले. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. बाईंचा दोष परकेपणाचा नव्हे. गटारावरून साऱ्या घराची किंमत करून त्यांनी आपणांस स्वराज्यास अपात्र ठरविले, हा होय.

पण गटार होतेच. सौंदत्तीचा डोंगर आपल्या बेळगाव जिल्ह्यातच आहे. देवाला मुली सोडण्यास मुंबई इलाख्यात १९३४ साली कायद्याने बंदी झाली. तरी कर्नाटकास १९८२ साली पुन्हा कायदा करावा लागला.

‘आमची रूढी, इतरांनी बोलू नये’ म्हणणाऱ्यांनी १९४६ साल आठवावे. दक्षिण आफ्रिकेतील हिंदी लोकांचा प्रश्न भारताने संयुक्त राष्ट्रसंघात नेला, तेव्हा ‘हा आमचा घरगुती प्रश्न’ असेच तेथील सरकार म्हणाले. आपण ते मानले नाही. मग तेच उत्तर आपल्या तोंडी कसे शोभेल?

रूढी कोणाची, याआधी ती सोसते कोण, हे विचारावे. देवीला वाहिलेल्या मुलीला ते कोणी विचारले नव्हते. परीक्षक देशी असो वा परदेशी, तिचे ऐकून जो बोलेल त्याचे आपण ऐकले पाहिजे.