शून्य तक्रारींचे महाविद्यालय

बारावीचा निकाल लागला की जुन्नर-आंबेगावच्या अनेक मुली प्रवेशासाठी पुण्याची वाट धरतात. शुल्क आणि वसतिगृह यांच्या जोडीने पालक शिक्षकांना विचारतात, मुलगी तिथे सुरक्षित राहील ना? उत्तरादाखल कधीकधी वार्षिक अहवालातील एक ओळ पुढे केली जाते : ‘लैंगिक छळाच्या तक्रारी – शून्य’. ही ओळ वाचून निश्चिंत होणे आम्हाला मुळीच मान्य नाही.

नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची. आकाशाच्या एखाद्या भागातून संकेत मिळाला नाही, तर ‘तिथे काहीच नाही’ असे खगोलशास्त्रज्ञ म्हणत नाहीत. ग्राहकयंत्र नीट चालू होते का, किती क्षीण संकेत त्याला टिपता आला असता, हे ते आधी पाहतात. मग लिहितात, ‘अमुक तीव्रतेहून अधिक काही आढळले नाही’. महाविद्यालयाच्या शून्यासोबत ही माहितीच नसते. तक्रार समिती आहे हे मुलींना ठाऊक होते का? घरी कळले तर शिक्षण बंद होईल या भीतीने किती जणी गप्प राहिल्या? २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी केवळ १४ टक्के जणींनी कोणाकडे तरी मदत मागितल्याचे आढळले. हा आकडा मुख्यतः घरातल्या हिंसेचा आहे, तो महाविद्यालयांना जसाच्या तसा लावता येणार नाही. पण मौन किती मोठे असू शकते, ते त्यातून दिसते.

वाढलेला आकडाही असाच फसवा. देशात बलात्काराचे नोंदलेले गुन्हे २०१२ साली २४,९२३ होते, २०१३ साली ३३,७०७ झाले. एका वर्षात ३५ टक्के वाढ! पण त्याच वर्षी कायद्यातील व्याख्या व्यापक झाली, संमतीचे वय १६ वरून १८ झाले आणि असा गुन्हा नोंदवून न घेणारा पोलीस शिक्षेस पात्र ठरला. प्रत्यक्ष गुन्हे किती वाढले आणि नोंद किती वाढली, हे या दोन आकड्यांवरून वेगळे काढता येत नाही.

शिवाय लहान संख्यांचा खेळ असतोच. समजा, एका महाविद्यालयात वर्षाला सरासरी दोन तक्रारी येतात. प्वासाँच्या सूत्राने पाहिले तर सुमारे सात वर्षांतून एकदा तिथे निव्वळ योगायोगाने शून्य येईल. नेमका तोच अहवाल आपल्या हाती पडला तर? आणि ५०० मुलींत दोन तक्रारी व ५,००० मुलींत दोन तक्रारी यांना सारखे कसे म्हणायचे?

अर्थात, जास्त तक्रारींचे महाविद्यालय चांगले, असेही नव्हे. आम्ही शिक्षकांना सुचवू ते एवढेच, की एका वर्षाऐवजी पाच वर्षांचे आकडे मागावेत, मुलींच्या संख्येसह. आणि किती तक्रारींची चौकशी ९० दिवसांच्या मुदतीत संपली तेही विचारावे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या विनियमांनुसार अंतर्गत तक्रार समितीत बाहेरचा एक सदस्य लागतो आणि प्रकरण विद्यार्थ्यांचे असेल तर निवडून आलेले तीन विद्यार्थीही. वरिष्ठ प्रशासकीय पदावरील व्यक्ती समितीत चालत नाहीत. तेव्हा समितीची यादी मागून घ्यावी आणि वसतिगृहातल्या दुसऱ्या वर्षाच्या चार-पाच मुलींना सहज विचारावे, यातल्या कोणाला तुम्ही ओळखता?