पत, विश्वास आणि अ‍ॅप

‘पत’ या शब्दापासून सुरुवात करू. पत म्हणजे कर्ज मिळण्याची लायकी, आणि पत म्हणजे अब्रूसुद्धा. भोसरीत दोन लेथवर जॉबवर्क करणाऱ्याचा हप्ता चुकला, तर शाखेतल्या साहेबांना ठाऊक असायचं, की मोठ्या कंपनीनं बिल अडवलंय, माणूस बुडवणारा नाही. आज हे सिबिलचा आकडा ठरवतो. आकड्याला उशीर कळतो, उशिराचं कारण कळत नाही.

पण म्हणून जुन्याचे गोडवे गायला मी उभा नाही. त्या ओळखीत जात होती, वशिला होता. लातूरहून किंवा बिहारमधून चाकणला आलेल्या कंत्राटी कामगाराला कोण ओळखत होतं? २०१६ साली यूपीआय आलं, आणि आता तो पगाराच्या रात्रीच घरी पैसे पाठवतो. हे लहान काम नव्हे. शिवाय बँक जवळची असली म्हणजे पैसे सुरक्षित, असंही नाही. पिंपरीच्याच सेवा विकास सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेनं ऑक्टोबर २०२२ मध्ये रद्द केला. ठेवीदारांच्या कामी आला तो पाच लाखांपर्यंतचा विमा, ओळख नव्हे.

माझा आक्षेप वेगळा आहे. अ‍ॅनेट बायर या तत्त्वज्ञ बाईंनी १९८६ च्या एका निबंधात अवलंबून राहणं आणि विश्वास ठेवणं यांत फरक केला. घड्याळ बंद पडलं तर आपली गैरसोय होते, विश्वासघात होत नाही. बँक आता सगळा व्यवहार घड्याळासारखा करते, आणि जाहिरात मात्र नात्याची करते. पदाचं नावसुद्धा काय, तर ‘रिलेशनशिप मॅनेजर’!

आता बघा. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सायबर हल्ल्यात सुमारे ९४ कोटी रुपये गेले. खातेदारांच्या ठेवींना धक्का नाही, असं बँकेनं सांगितलं. ठीकच झालं. १८४८ च्या फोली विरुद्ध हिल या इंग्लंडमधल्या खटल्यापासून कायदा हेच म्हणतो, की ठेवलेला पैसा बँकेचा होतो आणि बँक तुमची ऋणको. पण मग कामगाराला फसवून ओटीपी काढून घेतला, तर चोरानं कुणाचा पैसा नेला? इथे उत्तर एकदम उलटतं. बँक फसली की तो हल्ला, कामगार फसला की तो निष्काळजीपणा! तक्रार नोंदवेपर्यंतचं सगळं नुकसान त्याचं.

रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक तसं बरं आहे. दोष ग्राहकाचाही नाही आणि बँकेचाही नाही, अशा वेळी तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकावर भुर्दंड नाही. त्याची जबाबदारी सिद्ध करण्याचा भारही बँकेवरच. पण हे दिवस मोजायचे कधीपासून? बँकेचा निरोप मिळाल्यापासून. तो निरोप बहुधा इंग्रजीत येतो, आणि रात्रपाळीला मोबाईल आत नेऊ देत नाहीत अशा कारखान्यात तो येतो तेव्हा मोबाईल गेटवर जमा असतो.