पडद्यावरचा धडा

लहानपणापासून संगणक हाताळणारी मुले पडद्यावर सहज वाचू लागतील, असे आपण धरून चालतो. मार्क प्रेन्स्की यांनी २००१ साली त्यांना ‘डिजिटल नेटिव्ह’ म्हटले आणि शब्द रूढ झाला. पुरावा मात्र उलट आहे. पाब्लो देलगादो व सहकाऱ्यांनी २०१८ साली ५४ अभ्यासांची, म्हणजे सुमारे १ लाख ७१ हजार वाचकांची, एकत्रित छाननी प्रसिद्ध केली. कागदावर वाचणाऱ्यांना मजकूर अधिक समजला होता; आणि २००० ते २०१७ या काळात हा फरक घटण्याऐवजी वाढत गेला.

फरक लहान आहे, हेही सांगायला हवे. गोष्टी वाचताना तो आढळला नाही. आढळला तो माहितीपर मजकुरात, आणि वेळेचे बंधन असताना जास्त. पण आपली विज्ञानाची पुस्तके माहितीपरच असतात! अपवर्तनाचा धडा मोबाइलवर बोटाने सरकवणारा विद्यार्थी आकृतीपाशी थांबतो का, मागचा परिच्छेद पुन्हा पाहतो का? पीडीएफ पाठवली की पुस्तक पोचले, हा हिशेब आम्हाला मान्य नाही. किरण वाकताना दाखवणारी चित्रफीत जरूर दाखवावी. धडा मात्र छापील हवा. शंका असेल त्या शिक्षकांनी एकच उतारा अर्ध्या वर्गाला कागदावर, अर्ध्याला पडद्यावर देऊन तेच प्रश्न विचारून पाहावेत.